हिशेब ज्यांनी हातात दिला

माझ्यावर दोन माणसांचं ऋण आहे आणि दोघंही आता या जगात नाहीत. एक होते कल्याणजवळच्या एका कारखान्यातल्या युनियनचे सेक्रेटरी. आम्ही कामगारांची मुलं त्यांना काका म्हणायचो. दुसरी आमच्या धसईजवळच्या कातकरवाडीतली मावशी. तिचं अर्धं आयुष्य वीटभट्टीवर गेलं. काकांनी मला पगाराची चिठ्ठी वाचायला शिकवलं. जिथे चिठ्ठीच मिळत नाही तिथे हिशेब कसा राखायचा, ते मावशीने दाखवलं. पुढे मुरबाडच्या एका पतसंस्थेत हिशेबनीस म्हणून माझी नोकरी झाली, पण माझ्या हिशेबाचे खरे गुरू हेच दोघे. कामगार संघटनेने काय दिलं आणि ती कुठे कमी पडली, हे मला त्यांच्यामुळेच कळलं.

धसई मुरबाड तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. भात पिकवणारा हा मुलूख. पाऊस चार महिने कोसळतो, कापणी-झोडणी उरकली की शेतं उघडी पडतात आणि हाताला काम राहत नाही. मुरबाडला आजही रेल्वे नाही. ज्याला नोकरी हवी त्याने एसटी पकडून कल्याण गाठायचं. वडिलांनी तेच केलं. चौघांत मिळून एक खोली भाड्याने घेतली आणि कारखान्यात प्रेस मशीनवर उभे राहिले. रविवारी घरी यायचे. आईला तो रविवार सणासारखा वाटायचा.

ही सुट्टी आम्हाला आपोआप मिळाली असं मी समजत होते. काका एकदा म्हणाले, "पोरी, हा रविवार कंपनीने दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे नावाच्या माणसाने तो मिळवला." जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक लोखंडे यांनी 1884 मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र करून 'बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन' उभी केली. 5,500 कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारपुढे ठेवलं. रविवारची सुट्टी मान्य व्हायला 10 जून 1890 उजाडला. आमचे वडील दर आठवड्याला घरी यायचे, त्यामागे कधी न पाहिलेल्या माणसांची सहा वर्षांची खटपट होती. एवढ्या जुन्या माणसांचं आपण देणं लागतो, हे तेव्हा पहिल्यांदा मनात शिरलं.

मी सातवीत असताना वडिलांच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्या खिशात टाइप केलेला एक कागद होता. अपघात स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झाला, असं त्यावर लिहिलेलं होतं आणि खाली सहीची जागा मोकळी होती. वरच्या साहेबांनी सांगितलं होतं की सही करून द्या, मग पुढचं बघू. वडील फार शिकलेले नव्हते, हात दुखत होता आणि नोकरी जाण्याची धास्ती त्याहून मोठी होती.

त्या रविवारी काका एसटीने धसईला आले. काखेत फाईल, पायांत चिखलाने माखलेल्या चपला. चहासुद्धा न घेता म्हणाले, "सही करू नका. आणि सगळ्या पगाराच्या चिठ्ठ्या काढा." आईने पत्र्याची ट्रंक उघडली. वडील चिठ्ठ्या जपून ठेवत, पण त्या वाचत नसत. काकांनी त्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि मला समोर बसवलं. "वाच. मूळ पगार किती? महागाई भत्ता किती? ही कपात कसली?" मी अडखळत वाचत होते आणि ते एकेक ओळ उलगडून सांगत होते. प्रॉव्हिडंट फंड 1952 च्या कायद्याने आला. ईएसआयचा कायदा 1948 चा. त्याचे पैसे दरमहा कापले जातात म्हणूनच अपघातानंतरचा दवाखाना आणि भरपाई हा हक्क आहे, कुणाची मेहरबानी नाही. बोनस 1965 च्या कायद्याने, कमीत कमी 8.33 टक्के. ग्रॅच्युइटी 1972 ची, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. शेवटी युनियनच्या वर्गणीची छोटीशी रक्कम होती. तिच्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "ही वर्गणी आहे म्हणून वरच्या ओळी कागदावरून तुझ्या घरापर्यंत पोचतात. आणि यातल्या एकेका ओळीसाठी कुणी ना कुणी नोकरी घालवलेली आहे."

त्या कागदावर वडिलांनी सही केली नाही. युनियनने प्रकरण लढवलं. ईएसआयमधून त्यांना आयुष्यभराची दरमहा रक्कम सुरू झाली आणि मशीनवरून काढून त्यांना स्टोअरमध्ये हलकं काम मिळालं. दर तीन वर्षांनी होणाऱ्या करारात कामगारांच्या मुलांच्या शिक्षणासाठी थोडी मदत असायची. त्या मदतीवर आणि वडिलांच्या टिकलेल्या नोकरीवर मी उल्हासनगरला कॉलेज केलं, बीकॉम झाले. आमच्या आळीतली त्या वर्षांत कॉलेजात गेलेली मी पहिलीच मुलगी. युनियनने काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी माझ्याकडे बोट दाखवते.

काका भाबडे मात्र नव्हते. माझ्या आत्याचे यजमान घाटावरचे, जुन्नरकडचे. ते परळच्या एका गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यांतले ते एक. संपाला महिने झाले, वर्ष झालं. संप मागे घेतल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. गिरण्याच हळूहळू बंद होत गेल्या. आत्या आमच्याकडून तांदूळ न्यायची, तो पिशवीतळाशी दडवून वर भाजी ठेवायची. काका म्हणायचे, यातली अर्धी गाठ कायद्याने मारली होती. 1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगासाठी वाटाघाटीचा हक्क एकाच 'प्रातिनिधिक' युनियनला. तो होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे आणि कामगारांचा विश्वास होता सामंतांवर. ज्याच्यामागे माणसं होती त्याला टेबलाशी जागा नव्हती, आणि ज्याला जागा होती त्याच्यामागे माणसं नव्हती. पण उरलेली अर्धी गाठ आपल्याच हातांनी मारलेली, असंही ते सांगत. "संप करायला छाती लागते आणि मिटवायला अक्कल. दोन्ही एकाच माणसाकडे असतात असं नाही. म्हणून माणसाच्या नाही, कमिटीच्या मागे जा."

संघटनेची दुसरी मर्यादा आमच्या घरातच राहायला आली. माझा भाऊ त्याच कारखान्यात लागला, पण कंत्राटदारामार्फत. गेट तेच, मशीन तेच, तेलाचा वास तोच. पगार मात्र वडिलांच्या निम्म्याहून कमी. वर्षाचे 240 दिवस भरू नयेत म्हणून मधेच 'ब्रेक'. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा होता, पण भावाच्या हातात चिठ्ठीच नव्हती, मग कायद्याला तो दिसणार कसा? युनियनच्या गेट मीटिंगला वडील उभे राहिले आणि म्हणाले, "माझा पोरगा याच छपराखाली घाम गाळतो, त्याला आपला सभासद करा." काकांनी ती मागणी मागणीपत्रात घातली. वाटाघाटीत मालकाने दोन पर्याय पुढे केले. कायम कामगारांची पगारवाढ हवी की कंत्राटी मुलांचं कलम? सभेत हात वर झाले. पगारवाढ घेतली गेली.

कुणाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. हात वर करणाऱ्यांच्या घरीही पोरं शिकत होती, कर्जं होती आणि गिरण्यांची राख त्यांच्या डोळ्यांसमोर होती. काका स्वतः घरी आले आणि भावासमोर बसून म्हणाले, "तुझं कलम सुटलं. मला ते राखता आलं नाही." एवढं तोंडावर येऊन सांगणारा पुढारी मी पुन्हा फारसा पाहिला नाही. पण त्या दिवशी मला कळलं की गेटच्या आतल्यांना सांभाळता सांभाळता युनियन नकळत गेटची राखण करू लागते.

मावशीच्या वाट्याला तर गेटही नव्हतं. लावणीला आणि कापणीला ती आमच्या शेतावर यायची, मजुरीत भात न्यायची. श्रावण-भाद्रपदात घरातला दाणा संपला की भट्टीवाल्या शेठचा मुकादम वाडीवर फिरायचा आणि उचल द्यायचा. कुणाचं आजारपण, कुणाचं लग्न, बहुतेकांची नुसती चूल. दिवाळी झाली की टेम्पो यायचा. मडकी, कोंबड्या, पोरं, म्हातारी, सगळा संसार त्यात चढायचा आणि भिवंडी, पडघा, टिटवाळ्याकडच्या भट्ट्यांवर उतरायचा. कच्च्या विटांचे आडोसे रचून वर गवत टाकायचं. त्या खोपटाला भोंगा म्हणतात. कामाला पहाटेच्या काळोखात सुरुवात. एकजण गारा करतो, दुसरा साच्यातून वीट पाडतो, पोरं वाळत घातलेल्या विटा उलथतात. मजुरी हजार विटांवर. रोख हातात येत नाही. बाजाराच्या दिवशी फक्त खर्ची मिळते. पावसाच्या तोंडावर शेठ वही उघडतो, उचल आणि खर्ची वजा करतो आणि बहुतेकदा सांगतो की पैसे अजून अंगावर आहेत. मग पुढचं वर्षही त्याच भट्टीवर.

आमच्या जिल्ह्यात माणसाला कर्जात बांधून ठेवण्याची ही रीत जुनी आहे. लग्नासाठी घेतलेल्या पैशांपायी जन्मभर सावकाराकडे राबणाऱ्याला इकडे लग्नगडी म्हणत. जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचं अधिवेशन झालं आणि तिथून परतलेल्या वारल्यांना सोबत घेऊन गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी वेठ आणि लग्नगडी या दोन्हींवर घाव घातला. वेठबिगारीला बंदी करणारा कायदा व्हायला 1976 साल उजाडलं. आणि कायदा झाल्यावरही 1980 च्या दशकात वसई तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडित यांना श्रमजीवी संघटना बांधून वेठबिगार सोडवावे लागले. त्यांच्याच विधायक संसदेने पुढे भट्ट्यांवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा काढल्या. आमच्या मुरबाडच्या डोंगरपट्ट्यात श्रमिक मुक्ती संघटना आणि इंदवी तुळपुळे यांचं काम उभं राहिलं.

नोकरीला लागून मला थोडी वर्षं झाली होती. वाडीवर येणारी संघटनेची एक ताई मला म्हणाली, "तुला हिशेब येतो ना? मग चल." पडघ्याच्या पुढच्या एका भट्टीवर मावशीच्या जोडीचा हिशेब होता. जोडी म्हणजे नवरा-बायको; वहीत नाव मात्र नवऱ्याचं एकट्याचं. शेठने वही वाचली आणि सहा हजार अंगावर असल्याचं सांगितलं. मावशी काही बोलली नाही. माझा हात धरून तिने मला भोंग्यात नेलं. आतल्या विटांवर कोळशाच्या रेघा होत्या. शंभर विटांना एक उभी रेघ, हजार झाले की त्यावर आडवी. खर्चीच्या दिवशी गोल. पोर तापाने फणफणली त्या दिवसाचीही खूण होती आणि पाऊस शिंतडून विटा भिजल्या त्याचीही. अक्षर न शिकलेल्या बाईने अख्ख्या हंगामाचा ताळेबंद भिंतीवर मांडला होता. तिचं एकच म्हणणं होतं, "बाय, तू लिही. माझं कुणी वाचत नाही."

मी लिहून घेतलं आणि वहीशी ताडून पाहिलं. हजारामागे फुटीच्या नावाखाली जास्तीच्या विटा घेतलेल्या होत्या. एक खर्ची दोनदा मांडली होती. मग ताईने कायदा काढला. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या आशियाड कामगारांच्या खटल्यात सांगितलं आहे, हे तिने शेठला शांतपणे ऐकवलं. ती एकटी असती तर शेठने ऐकलं नसतं. पण भोवती चाळीसेक माणसं बसली होती आणि हिशेब नीट झाल्याशिवाय एकही टेम्पोत चढायला तयार नव्हता. संध्याकाळपर्यंत अंगावरचे सहा हजार उतरले आणि उलट शेठकडूनच जोडीला पैसे निघाले. ताईने आग्रहाने अर्धे पैसे मावशीच्या हातात दिले. स्वतःच्या नावाची मजुरी तिने आयुष्यात पहिल्यांदा घेतली.

हा विजय होता, पण त्याला पुढच्या भाद्रपदापर्यंतचंच आयुष्य मिळालं. त्या शेठने पुढल्या वर्षी वाडीतल्या कुणालाच उचल दिली नाही. मुकादमाने दुसऱ्या वाड्या गाठल्या. कामाची जागा दरवर्षी बदलणार, मालक बदलणार, शेजारचा कामगारही बदलणार. कारखान्यात कराराला तीन वर्षांची मुदत असते. भट्टीवर तोच लढा दर हंगामाला पहिल्यापासून लढावा लागतो. वाडीतली दोन घरं गुपचूप जुन्याच शेठकडे गेली, तेव्हा संघटनेतली पोरं चिडली. मावशीने त्यांना विचारलं, "पावसात चूल संघटना पेटवणार आहे का?"

या प्रश्नाने मला कामगार चळवळीबद्दल जे शिकवलं, ते दुसऱ्या कशानेही शिकवलं नाही. भट्टीवरचा भाव मे महिन्यात ठरत नाही, तो श्रावणात ठरतो, मडक्यात दाणे किती आहेत त्यावर. ज्या घरात दिवाळीपर्यंतचं भात आहे, ते उचल नाकारू शकतं. म्हणून आमच्याकडची मजुरांची संघटना रेशनकार्डासाठी भांडते, रोजगार हमीचं काम मागते, 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दळी जमिनीचे, म्हणजे जंगलातल्या कसत्या जमिनीचे, दावे भरून घेते. शहरातल्या काहींना ही कामं युनियनची वाटत नाहीत. काळू नदीवरच्या धरणाचं काम वनखात्याची परवानगी नसताना सुरू झालं, तेव्हा श्रमिक मुक्ती संघटना उच्च न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये त्या कामाला स्थगिती मिळाली. तो लढा पाण्याचा आणि जंगलाचा होताच, पण मला तो मजुरीचाही वाटतो. जमीन बुडाली तर भट्टीचा टेम्पो दिवाळीची वाट पाहत नाही.

1 डिसेंबर 2016 ला आमचं धसई राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून गाजलं. नोटाबंदीचे दिवस होते. वर्तमानपत्रांत फोटो आले, दुकानादुकानांत कार्ड घासायची यंत्रं लागली. त्याच महिन्यात वाडीतली घरं भट्टीवर गेली होती आणि त्यांचा हिशेब नेहमीप्रमाणे शेठच्या वहीत होता. आता 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तीपत्र द्यावं, असं त्या म्हणतात. ते मला मोलाचं वाटतं. त्याच संहितांनी कारखाना बंद करायला सरकारी परवानगीची अट 100 कामगारांवरून 300 वर नेली आहे. म्हणजे आमच्या मुरबाड-आसनगावकडचे कितीतरी छोटे कारखाने त्या अटीतून सुटणार, याची मला धास्ती वाटते. यंत्र आलं, कायदा आला, तरी विचारणारं कुणी नसेल तर वही शेठच्याच हातात राहते.

यावर वाट नाही असं मात्र नाही. हमालालाही एक मालक नसतो; सकाळी या पेढीवर, दुपारी त्या. तरी मुंबईत अण्णासाहेब पाटलांनी आणि पुण्यात हमाल पंचायतीच्या डॉ. बाबा आढावांनी माणसं बांधली आणि 1969 मध्ये माथाडी कायदा करून घेतला. त्या कायद्याने माथाडी मंडळ आलं. मंडळात मालकाची नोंद, हमालाची नोंद. मजुरी आणि वर लेव्ही मालकाने मंडळात भरायची आणि त्यातून फंड, बोनस, दवाखाना. मालक रोज बदलला तरी हमालाचा हिशेब एका जागी राहतो. वीटभट्टीच्या मजुराला असंच मंडळ हवं. उचल त्या मंडळाच्या नोंदीनेच दिली जावी, जोडीतल्या बाईचं खातं वेगळं असावं आणि खर्चीची पावती मिळावी. त्यासाठी नुसती भट्टीवरची माणसं पुरी पडणार नाहीत. आठ महिने विखुरलेल्यांना बळ द्यायला बारा महिने एका छपराखाली असलेल्यांनीच पुढे यायला हवं.

वडील निवृत्त झाले तेव्हा ग्रॅच्युइटीचा चेक घेऊन आधी काकांच्या घरी गेले. काकांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "मला काही देणं लागत नाही तुम्ही. ज्याला चिठ्ठी मिळत नाही त्याचं बघा." वडिलांनी ते मला सांगितलं, आणि मी ते माझ्यावरचं काम समजते. दर वर्षी भट्ट्यांचे हिशेब व्हायची वेळ आली की मी वाडीतल्या मुलींना वह्या देते आणि दोन रकाने आखायला शिकवते, एक आईच्या विटांचा, एक बापाच्या. मावशीची नात त्यांच्यात सगळ्यांत पुढे आहे. तिची वही शेठच्या वहीशेजारी ठेवली की शेठ आता दोनदा बेरीज करतो. पण मुलींनी कितीही नीट लिहिलं तरी हिशेबाच्या दिवशी शेजारी बसायला माणसं लागतात. शहाडला, मुरबाडला, आसनगावला ज्यांना दर महिन्याला पगाराची चिठ्ठी मिळते, ज्यांचा रविवार हक्काचा आहे, त्यांनी मे महिन्यातला एक रविवार भट्टीवर यावं आणि आमच्याबरोबर जमिनीवर बसावं, एवढं माझं मागणं आहे.